आयुधांची पायरी

गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचें सात दिवसांचें शिबिर कन्नड तालुक्यांतील देवगाव रंगारी येथें भरलें होतें. सकाळीं श्रमदान, दुपारीं व्याख्यान आणि रात्रीं जेवणानंतर गप्पागोष्टी, असा शिबिराचा ठरीव क्रम असतो. तिसऱ्या रात्रीं, आम्ही उतरलों होतों त्या शाळेच्या ओट्यावर विद्यार्थ्यांचा वाद इतका पेटला कीं, मी अंथरुणांतून उठून बाहेर आलों. वाद राजकारणाचा असेल असें मला वाटलें होतें. तो आयुधांचा निघाला. ‘सर्वांत श्रेष्ठ बंदूक कोणती?’ एवढाच प्रश्न. पण त्यावर आठ-दहा तरुण दोन पक्षांत वांटले जाऊन, एकमेकांचे दाखले खोडीत, प्रसंगीं हमरीतुमरीवर येत, अशा तळमळीनें बोलत होते कीं, ज्या तळमळीची मी गेलीं सत्तावीस वर्षें वर्गांत वाट पाहत आहें. केशवसुत थोर कीं बालकवि थोर, ह्या प्रश्नावर माझ्या वर्गांत कोणाचा आवाज कधीं चढल्याचें मला स्मरत नाहीं. येथें मात्र गुणदोषांची चिकित्सा, तुलना, प्रतिपक्षाचें खंडन, सारें कांहीं होतें. फक्त विषय माझ्या ओळखीचा नव्हता.

टीकाकाराला वाद ऐकून स्वस्थ बसवत नाहीं. उरलेल्या रात्रीं मीं ह्या मुलांचे डाव शेजारीं बसून पाहिले, आणि घरीं परतल्यावर मुलाच्या जुन्या फोनवर स्वतः खेळूनही पाहिलें. पहिल्या दहा डावांत मी कोणाच्या गोळीनें मेलों हें मला एकदांही कळलें नाहीं, ही कबुली आरंभींच दिलेली बरी. तेव्हां पुढील विवेचन वीराचें नसून प्रेक्षकाचें आहे. पण नाटकाची परीक्षा नटानेंच करावी असा नियम नाहीं.

ज्या कुटुंबांत हा खेळ अद्याप शिरला नसेल त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. शंभर खेळाडू विमानांतून एका निर्जन बेटावर छत्रीच्या साहाय्यानें उतरतात. उतरतांना प्रत्येकाचे हात रिकामे असतात. ओसाड घरांतून बंदुका, काडतुसें, चिलखत, शिरस्त्राण, औषधें जें हाताला लागेल तें वेचावयाचें आणि त्यावर निभाव लावावयाचा. ‘एरांगेल’ नांवाचें ह्या खेळांतलें मूळचें बेट आठ किलोमीटर लांब व तितकेंच रुंद आहे; पण बेटावरील सुरक्षित वर्तुळ क्रमाक्रमानें आकसत जातें, बाहेर राहील तो झिजून मरतो, आणि अर्ध्या तासाच्या आंत जे वांचले असतील ते एकमेकांसमोर आणून उभे केले जातात. शेवटीं जो एकटा, किंवा जें एक चौकडें, जिवंत राहील त्याचा जय.

ह्या खेळाचें मूळ वाङ्मयांत आहे, हें वाचकांना नवल वाटण्याजोगें आहे. कौशुन ताकामी ह्या जपानी लेखकाची ‘बॅटल रॉयल’ ही कादंबरी १९९९ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षीं किंजी फुकासाकू ह्यांनीं तिचा चित्रपट केला. शाळकरी मुलांचा एक वर्ग सरकार एका बेटावर नेऊन सोडतें आणि एकच उरेपर्यंत परस्परांना मारण्याची सक्ती करतें, असें तिचें कथानक आहे. ह्या कल्पनेवरून ब्रेंडन ग्रीन ह्या आयरिश गृहस्थानें खेळ रचला. तो २०१७ सालीं संगणकावर आणि २०१८ सालीं फोनवर आला. ‘पब्जी’ हें त्याचें नांव आपल्या घराघरांत पोंचलें तें फोनमुळेंच. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें देशाच्या सुरक्षिततेचें कारण देऊन ज्या ११८ ॲपांवर बंदी घातली त्यांत तो होता. पुढें क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीनें २ जुलै २०२१ रोजीं त्याचीच भारतीय आवृत्ति काढली. ती २८ जुलै २०२२ रोजीं दुकानांतून हटविण्यांत आली आणि मे २०२३ मध्यें परत आली. पुण्याच्या सुपरगेमिंग ह्या कंपनीनेंही ‘इंडस’ नांवाचा ह्याच जातीचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्यें बाहेर काढला आहे. तेव्हां हा विषय परका म्हणून डोळेझांक करण्याचे दिवस आतां राहिले नाहींत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ह्या खेळाच्या जाणकारांनीं सर्व बंदुकांच्या पायऱ्या लाविल्या आहेत. कोणती पहिल्या पायरीची, कोणती दुसऱ्या, कोणती उचलूंच नये, अशा याद्या तयार असतात, आणि मुलांना त्या तोंडपाठ असतात. त्यावर हंसण्याचा अधिकार आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांना मुळींच नाहीं. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त काव्याच्या उत्तम, मध्यम आणि अवर अशा तीन पायऱ्याच लाविल्या. पायरी लावणें हें टीकेचें आद्य कर्म आहे. प्रश्न आहे तो ती कोणत्या मापानें लावली, आणि तें माप कोणाच्या हातांतलें, एवढाच.

मॅथ्यू अर्नोल्ड ह्यानें १८८० सालच्या आपल्या काव्यविषयक निबंधांत मूल्यमापनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक खरें मूल्यमापन. दुसरें ऐतिहासिक, म्हणजे कृतीला इतिहासांत जें स्थान आहे त्यामुळें तिला आपण देतों तें मोल. आणि तिसरें वैयक्तिक, म्हणजे आपल्या आवडीनिवडीमुळें व आठवणींमुळें आपण तिला देतों तें मोल. शेवटचीं दोन पहिल्याच्या वेषांत वावरूं लागलीं कीं घोटाळा होतो, असें त्याचें म्हणणें आहे. देवगावच्या ओट्यावर हा घोटाळा मला तिन्ही अंगांनीं पाहावयास मिळाला.

ऐतिहासिक मोलाचें उदाहरण म्हणजे ‘कार नाइन्टीएट’ ही बंदूक. जर्मन सैन्यानें १९३५ सालीं स्वीकारलेली, दुसऱ्या महायुद्धांत लाखों सैनिकांच्या खांद्यावर राहिलेली ही जुनी रायफल. प्रत्येक गोळीनंतर खटका हातानें मागें ओढून पुढें सारावा लागतो. तेवढ्या वेळांत समोरच्यानें तुमची चाळण केलेली असते. तरी ती पाठीवर असणें हें मुलांत प्रतिष्ठेचें लक्षण आहे. युद्धपटांनीं तिच्याभोंवतीं वलय निर्माण केलें आहे, आणि एका गोळींत नेम साधणारा तो खरा मर्द, अशी समजूत तिला चिकटली आहे. वैयक्तिक मोलाचें उदाहरण म्हणजे एका विद्यार्थ्याचा दुनळीवरील लोभ. तिनें त्याला त्याच्या आयुष्यांतला पहिला विजय मिळवून दिला होता. तेव्हांपासून ती त्याच्या लेखीं अजिंक्य. आपणही ज्या कवितेनें लहानपणीं रडविलें ती थोरच मानतों. त्यांत दोष नाहीं. फक्त ती पायरी इतरांवर लादूं नये.

मग खरें मोल कोणतें? एका पक्षाचें म्हणणें होतें कीं, श्रेष्ठ आयुध एकच, आणि तें म्हणजे ‘ए डब्ल्यू एम’. इंग्लंडांत घडलेल्या दूरवेधी रायफलीचें हें प्रतिरूप. ती ह्या खेळाच्या नेहमींच्या डावांत जमिनीवर सांपडत नाहीं. विमानांतून जी पेटी छत्रीनें खालीं सोडतात तींतूनच ती मिळते, आणि तिच्याबरोबर मोजकींच काडतुसें येतात. पण तिची गोळी डोक्याला लागली तर सर्वांत जाड शिरस्त्राणही एका घावांत निष्फळ. आकाशांतून येणारें, एका घावांत काम करणारें, आणि संख्येनें मोजकें, हें वर्णन ऐकतांच मला कर्णाची वासवी शक्ति आठवली. कवचकुंडलांच्या बदल्यांत इंद्राकडून मिळालेली ती अमोघ शक्ति एकदांच वापरतां येणार होती, आणि कर्णानें ती अर्जुनासाठीं राखून ठेविली होती. युद्धाच्या चौदाव्या रात्रीं घटोत्कचानें कौरवसेनेचा असा संहार मांडला कीं, ती त्याच्यावर सोडण्यावांचून कर्णाला गत्यंतर उरलें नाहीं. घटोत्कच पडला, पांडव शोकाकुल झाले, आणि श्रीकृष्णाला मात्र हर्ष झाला. कारण अर्जुन त्या क्षणीं वांचला हें त्याला एकट्याला कळलें. शक्तीच्या तेजांत रतिमात्र उणें नव्हतें. तिच्या मालकाचा काळ चुकला, किंवा काळानें त्याला चुकविलें. दुसऱ्याच रात्रीं मीं पाहिलेल्या डावांत हाच प्रकार झाला. एकानें जिवावर उदार होऊन ती पेटी गांठली, रायफल मिळविली, आणि तींतलीं काडतुसें दूरच्या टेकडीवरून पळणाऱ्या एका खेळाडूवर उधळलीं. अखेरचें वर्तुळ चार घरांएवढें उरलें तेव्हां त्याच्या हातांत जगांतलें श्रेष्ठ आयुध होतें, आणि तें रिकामें होतें.

दुसरा पक्ष व्यवहारी होता. त्याचें दैवत ‘एम फोर-सिक्स्टीन’. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख ह्या कारखान्याच्या रायफलीवरून ही घेतलेली आहे. हिची प्रतिस्पर्धी म्हणजे ‘ए के एम’, मिखाईल कलाश्निकोव्ह ह्याच्या सुप्रसिद्ध रायफलीची १९५९ सालची सुधारलेली आवृत्ति. पहिलीला ५.५६ मिलिमीटरची गोळी लागते, दुसरीला ७.६२ ची. दुसरीची गोळी अधिक घातक, पण तिचा वेग थोडा मंद. पहिलीची गोळी सौम्य, पण झोड अधिक जलद. एका सेकंदाचा हिशेब मांडला तर दोघींत फारसें अंतर उरत नाहीं. अंतर पडतें तें धक्क्यांत. ‘ए के एम’ गोळ्या झाडूं लागली कीं तिची नळी वर उसळते, आणि तिला आवरण्यासाठीं मूठ किंवा दस्ता जोडण्याची सोय नाहीं. ‘एम फोर-सिक्स्टीन’ला नळीचें टोंक, मूठ, काडतुसांचें घर, दस्ता आणि दुर्बीण अशीं पांचही उपकरणें जोडतां येतात, आणि तीं जोडलीं कीं ती हातांत स्थिर राहते. पहिलीची शैली प्रासादिक, दुसरीची ओजस्वी, असें म्हटलें तर आमच्या क्षेत्रांतील वाचकांना तें चटकन् कळेल.

इथपर्यंत वाद नेहमींच्या वळणानें चालला होता. याद्या हातांत असलेले बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते. ओट्याच्या कडेला बसलेला एक मुलगा तोंवर गप्प होता. तो शिबिरार्थी नव्हता. गांवांतलाच, कापूस व मका पिकविणाऱ्या घरचा, आमच्या मुलांबरोबर दोन दिवसांत मिसळलेला. त्याला मीं विचारलें, ‘‘तुझी बंदूक कोणती रे?’’ त्यानें ‘यू एम पी’ हें नांव घेतलें तेव्हां सगळे हंसले. कारण ती हलकी, लहान पल्ल्याची बंदूक प्रत्येक यादींत खालच्या पायरीवर असते. तो खजील झाला नाहीं. म्हणाला, ‘‘सर, यादी करणाऱ्याचा फोन बघा आधी.’’

त्याच्या ह्या एका वाक्यांत टीकाशास्त्राचें एक प्रकरण आहे. यादी करणारा ज्या यंत्रावर खेळतो त्यावर दर सेकंदाला साठ किंवा नव्वद चित्रें उमटतात. ह्या मुलाच्या स्वस्त फोनवर कशीबशी तीस. यादी करणारा यंत्र किंचित् तिरकें करून बंदुकीचा धक्का जिरवितो. ह्याच्या फोनमध्यें तो कल ओळखणारें साधनच नाहीं. यादी करणाऱ्याची आज्ञा डोळ्याचें पातें लवण्याआधीं पोंचते; ह्याची आज्ञा गांवांतल्या लहरी रेंजवरून अडखळत जाते, आणि समोरचा तोंवर भिंतीआड झालेला असतो. ज्या बंदुकीची नळी आवरतां येते ती श्रेष्ठ, हें खरें. पण कोणाच्या हातून आवरतां येते? पहिल्या पायरीची बंदूक त्याच्या हातांत आकाशाला गोळ्या घालते, आणि खालच्या पायरीची ‘यू एम पी’ घराच्या जिन्यावर बसून त्याला वांचवते. सोबत्यांच्या आग्रहाखातर त्यानें मध्यंतरीं यादींतली बंदूक घेतली होती, पहिल्याच चकमकींत मेला होता, आणि ‘याला खेळतां येत नाहीं’ म्हणून चौकडींतून काढला गेला होता. अपराध यादीचा, आणि शिक्षा त्याला झाली.

हें ऐकून मी खरोखर अस्वस्थ झालों. आणि तें खेळामुळें नव्हे. आम्ही आमच्या वर्गांत वेगळें काय करतों? लंडनच्या किंवा पुण्याच्या एखाद्या अभ्यासिकेंत बसून कोणी एक यादी केली. अमुक कवि पहिल्या पायरीचा, अमुक दुसऱ्या. ती यादी मार्गदर्शिकांतून छापली गेली, आणि कन्नड-वैजापुराकडचा विद्यार्थी ती परीक्षेंत लिहून गुण मिळवितो. ती कविता त्याच्या कानांत कशी वाजते, तिचा कोणता शब्द त्याच्या घरीं बोलला जातो, हें कोणी विचारीत नाहीं. त्यानें धीर करून आपली आवड सांगितली तर वर्ग हंसतो, आणि मी, हें कबूल केलें पाहिजे, त्या हंसण्यांत कधीं कधीं सामील झालों आहें. टीकाकाराचें माप निर्लेप नसतें. त्याच्या खुर्चीची उंची त्यांत मिळविलेली असते. ती वजा करावयास शिकणें हेंच टीकेचें शिक्षण.

ह्याचा अर्थ, प्रत्येकाची आवड ती त्याची, श्रेष्ठ-कनिष्ठ कांहींच नाहीं, असा मात्र नव्हे. तसें मानलें तर टीकाही संपली आणि खेळही. अकराव्या शतकांतल्या काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ह्या पेंचांतून वाट काढून ठेविली आहे. ‘औचित्यविचारचर्चा’ ह्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, गुण आणि अलंकार हे स्वतः होऊन शोभत नाहींत. योग्य ठिकाणीं असले तरच शोभतात. औचित्य हें माप ‘ज्याचें त्याचें’ नाहीं. तें कठोर आहे. स्थळ, काळ आणि पात्र सांगा, कीं उत्तर एकच येतें, आणि चुकणाऱ्याला चुकला असें म्हणतां येतें.

आपल्या इतिहासाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तो मान योग्य आहे. पण तो ऐतिहासिक मोलाचा मान आहे. पट्ट्याचें पातें लांब व लवचिक, आणि मूठ कोपरापर्यंत हात झांकणारी. त्यामुळें मनगट वळत नाहीं, सारा फिरविण्याचा जोर खांद्याचा व कमरेचा. वर्षानुवर्षें मेहनत केलेल्याच्या हातीं तो चहूं बाजूंनीं भिंत उभी करतो, आणि नवख्याच्या हातीं त्याचाच पाय कापतो. म्हणजे तो ‘ए के एम’चा आजोबा. वाघनखें घ्या. भाला, तलवार, तोफ ह्यांच्या यादींत तीं कोणीही तळाशींच लिहील. पण १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं, शामियान्यांतल्या त्या आलिंगनाच्या अंतरावर, बखरी सांगतात त्याप्रमाणें, मुठींत लपणाऱ्या त्या चिमुकल्या आयुधाएवढें श्रेष्ठ आयुध हिंदुस्थानांत दुसरें नव्हतें. उलट दौलताबादच्या बुरुजावरची मेंढा तोफ पाहा. देवगाव रंगारीहून आमचीं मुलें परततांना ती पाहावयास गेलीं होतीं. एवढें अवजड धूड. ती शत्रूकडे जाऊं शकत नाहीं, शत्रूनेंच तिच्या टप्प्यांत यावें लागतें. बुरुजावर ती राणी, आणि मैदानांत धातूचा ओंडका.

ह्या मापानें माझी पायरी मी मांडतों. ज्याच्याजवळ चांगलें यंत्र व सरावलेला हात आहे, त्यानें सर्व डावाला पुरणारें एकच आयुध निवडावयाचें तर ‘एम फोर-सिक्स्टीन’ पहिली; कारण तिचें औचित्य सर्वांत अधिक स्थळीं टिकतें. ज्याच्याजवळ हीं दोन्ही नाहींत, त्यानें ‘यू एम पी’ घेऊन घरांच्या आश्रयानें खेळावें. त्याच्यापुरती ती पहिली, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ‘ए डब्ल्यू एम’ला मी तिसरें स्थान देतों, ती राखण्याचा संयम असेल त्यानें तिला पहिलें द्यावें. ‘ए के एम’ जवळच्या भिडंतीपुरती चौथी. ‘कार नाइन्टीएट’ पांचवी. ती घेणारानें आपण डाव जिंकण्यासाठीं नव्हे, तर ऐटीसाठीं खेळत आहों, हें मनाशीं ओळखून घ्यावें.

पण दोन वस्तु ह्या यादीच्या बाहेर उरतात, आणि त्यांनींच मला अधिक विचार करावयास लाविलें. पहिली म्हणजे तवा. होय, स्वयंपाकघरांतला दांड्याचा तवा. ह्या खेळांत तो हाणण्याच्या कामीं येतोच; पण पाठीवर लटकविला असतां मागून आलेली गोळीही परतवतो, आणि चिलखतासारखा झिजत नाहीं. ताकामीच्या कथेवरील चित्रपटांत मुलांना आयुधें चिठ्ठ्या टाकल्यासारखीं वांटलीं जातात, आणि नायकाच्या वाट्याला भांड्याचें झांकण येतें. तेथें ती नियतीची क्रूर थट्टा आहे; येथें त्याच कल्पनेचा गमतीदार अवतार झाला आहे. मुलें तवा सांपडतांच खुशींत येतात. हत्यारांच्या गर्दींत घरची एक वस्तु भेटावी आणि तिनें पाठ राखावी, ह्यांत त्यांना जो दिलासा वाटतो तो त्यांनीं कधीं शब्दांत मांडला नसेल, पण तो खरा आहे.

दुसरी वस्तु म्हणजे धुराचा गोळा. तो कोणालाही मारीत नाहीं. चौकडीच्या डावांत एखादा सोबती घायाळ होऊन पडला, तर दहाएक सेकंद त्याच्याजवळ बसून त्याला उठवितां येतें. पण तेवढ्या अवधींत उठविणाराच मारला जातो. धुराचा गोळा फेंकला कीं मधें पडदा उभा राहतो, आणि त्या पडद्याआड एक जण दुसऱ्याला उठवितो. श्रेष्ठ आयुधांच्या यादींत त्याला स्थान नाहीं, कारण याद्या मारण्याचें माप लावतात. पण खेळाचा नियम काय सांगतो? जो अधिक मारील तो जिंकला, असें नव्हे. जो शेवटपर्यंत जगेल तो जिंकला. साध्य जगणें, आणि माप मात्र मारण्याचें, ही त्या याद्यांची मूळ चूक आहे. पांचव्या रात्रीं त्या गांवच्या मुलाला चौकडींत परत घेतलें गेलें. दोन सोबती उघड्यावर पडले असतां त्यानें धूर केला, दोघांनाही उठविलें, आणि आपली ती हिणवली गेलेली बंदूक घेऊन दाराशीं बसला. ते जिंकले नाहींत, दुसरे आले. पण त्या रात्रीं यादीचें नांव कोणी काढलें नाहीं.

येथें पालक-वाचक मला थांबवून विचारतील, ‘‘अहो, पण हा हिंसेचा खेळ आहे, त्याचें कौतुक कसलें करतां?’’ प्रश्न रास्त आहे. भारतीय आवृत्तींत अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे, आणि ‘मारलें’ ह्या शब्दाऐवजीं ‘संपविलें’ अशा अर्थाचा शब्द योजिला आहे. पहिली गोष्ट चांगली आहे. पण तीन तास हेही थोडे नव्हेत, आणि ती मर्यादा पाळली जाते कीं नाहीं हें घरच्यांनींच पाहावें लागतें. दुसरी गोष्ट ही केवळ शब्दाची सफेती आहे. माझा आक्षेप आयुधांवर नाहीं. आपलीं पुराणें आयुधांनीं भरलेलीं आहेत. देवदेवतांच्या हातांतून तीं काढून घेतलीं तर वेरूळच्या कैलासांतल्या निम्म्या मूर्ति ओळखूं येणार नाहींत. माझा आक्षेप दुसराच आहे. ह्या खेळांत मेलेल्या माणसाची तत्क्षणीं एक पेटी होते. त्याचें प्रेत नाहीं, नांव क्षणभर कोपऱ्यांत झळकून जातें, आणि मारणारा त्या पेटींतून काडतुसें व औषधें वेचून पुढें निघतो. महाभारतांत अठरा दिवस आयुधांचें वर्णन आहे. पण तें संपतांच व्यासांनीं स्त्रीपर्व मांडलें. गांधारी रणभूमीवर उतरते आणि एकेका प्रेताजवळ थांबते. त्या पर्वामुळेंच आधींच्या आयुधांना वजन येतें. घटोत्कचाचा मृत्यु आणि कर्णाची शक्ति आपल्याला आठवतात त्या त्यामुळेंच. ह्या खेळाला स्त्रीपर्व नाहीं. त्यामुळें त्यांतला वीररस पोकळ राहतो, आणि शंभर डाव खेळले तरी एकही मृत्यु स्मरणांत राहत नाहीं. हा नीतीचा दोष असेल-नसेल. रसाचा दोष निश्चित आहे. त्या सबंध खेळांत करुणेला जागा एकच, धुराच्या पडद्याआडचे ते दहा सेकंद. आणि मुलें ज्या डावांची आठवण पुढें सांगतात, ते बहुधा त्या दहा सेकंदांचेच असतात, हें मीं मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलें आहे.

म्हणून पालकांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. फोन हिसकावून घेण्याआधीं एकदां मुलाजवळ बसावें आणि विचारावें, ‘‘सर्वांत चांगली बंदूक कोणती, आणि कां?’’ ‘कोणती’ ह्याचें उत्तर यादींतून येईल. त्याला महत्त्व देऊं नये. ‘कां’ ह्याचें उत्तर त्याचें स्वतःचें आहे काय, तें पाहावें. तें स्वतःचें असेल, तर मुलगा विचार करावयास शिकतो आहे. आणि ती शिकवण कोठून आली ह्याचा विषाद मानूं नये. नसेल, तर तो खेळतो आहे असेंही म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या कोणाच्या डावांतलें तो एक प्यादें आहे. शिबिराहून परतल्यावर मीं माझ्या वर्गांत हाच प्रश्न कवितेविषयीं विचारूं लागलों आहें. अद्याप आवाज फारसे चढत नाहींत. पण परवां मागच्या बांकावरून एकानें, यादींत नसलेल्या एका कवीचें नांव घेतलें, आणि मी हंसलों नाहीं.